चार बोटं वाख

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या गल्लीत,
जिथं चहावरही काळ्या वाळूची साय धरते,
तिथं आमचा प्रेस आहे. एकच. तोही कुणाकडून तरी उतरलेला.
माझं काम: पट्टी कापायची, जबड्यात अडकवायची,
तुटताना सुई कुठं होती ते वहीत लिहायचं.

भरमामामा सोमवारी आला
कडोलीच्या बसमधून, खांद्यावर भारा.
पिवळट पांढरा वाख, म्हाताऱ्या घोडीच्या शेपटासारखा.
बांधावरची घायपात.
बाजारात कुणी कत्ताळी म्हणालं
तर त्याच भावात तो कत्ताळी विकतो.
नऊ दिवस ओढ्यात कुजवलेली, दगडावर बडवलेली.
त्या वासाला आमच्या घरात
कुणी कधी वास म्हटलं नाही.
गावातले म्हणायचे, नाकाला पदर लावून.

मी कात्री घेतली.
चार बोटं. चार बोटं. चार बोटं.
तो बघत राहिला.
जन्मभर त्यानं आखूडाचं लांब केलं,
संपत आलेल्या धाग्यात नवा धागा घुसवून
मांडीवर पीळ देत देत
मोटेचा नाडा विहिरीच्या तळाला पोचवला;
आणि त्याच्या बहिणीची पोर
लांबाचं आखूड करायचा पगार घेते.
‘कापतीस व्हय,’ म्हणाला.
एवढंच.

साच्यात वाख पसरला, वरून राळ ओतली.
मधासारखी दिसते, डोळ्यांना चावते.
रात्रभर दाबाखाली.

पहिली पट्टी कट्‌कन गेली.
सुई निम्म्यावरही नव्हती.
तुटलेल्या तोंडाशी धागे कोरडे, स्वच्छ,
म्यानातून निघावेत तसे निघालेले,
आणि राळेत बारीक भोकं,
ज्यात कुणी राहिलंच नव्हतं.

इराण्णा सरांनी भिंग लावलं.
मामानं नुसतं नख लावलं.
‘धरलंच न्हाई त्येनं. अंगावर मेण हाय अजून.
राखंच्या पाण्यात न्हाऊ घाला की.
माझी आई घालायची, रंगात बुडवायच्या आधी.’
सर हसले नाहीत.
उठून फळीवरचा सोड्याचा डबा काढला,
वहीत काहीतरी खोडलं.

दुसरी पट्टी
लगेच तुटली नाही.
आधी करकरली.
सुई चढली, थांबली, पुन्हा चढली.
काचधाग्याची पट्टी न सांगता जाते,
तुकडे टेबलाखाली शोधावे लागतात.
हिनं तीनदा सांगितलं.
मामा प्रेसला कान लावून उभा होता, डोळे मिटून.
‘नाडा असाच बोलतोय,’ म्हणाला.
‘खाली उतरलेला माणूस
तेवढ्यावर वर येतोय.’
त्याचा बाप विहिरी खणायचा.
एका नाड्याचं बोलणं वरच्यांना ऐकू आलं नव्हतं,
हे मला आईनं सांगितलंय. त्यानं कधीच नाही.

या खेपेला धागे फाटून तुटले होते,
झिजल्या केरसुणीसारखे,
राळेचे कण अंगाला घट्ट धरून.

तिसरी पट्टी आठवडाभर बादलीत ठेवली.
कडेनं फुगली.
फॉर्मवर एक रकाना होता, दोष.
पाणी पितो, असं मी लिहिलं.
सरांनी ते इंग्रजीत केलं, आकडा टाकून.
त्याचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही.

शेवटच्या दिवशी, बसला वेळ होता म्हणून
मामानं टेबलाखालचा कचरा गोळा केला,
माझेच चार चार बोटांचे तुकडे,
पँट वर सरकवून उघड्या मांडीवर वळत बसला.
हातभर झाला. दोन हात झाला.
त्यानं नमुन्यांचा गठ्ठा बांधला,
गाठ दोनदा ओढून बघितली,
भाड्याचे पैसे घ्यायला विसरला.

हुबळीहून फोन आला.
पट्ट्या पोचल्या, बसच्या छताला लावून बघू म्हणाले,
पाण्याचं काय ते कळवा.
आणि मग, ठेवता ठेवता,
हा बांधलाय तो दोर कशाचा?

मला दोन्ही भाषा येतात.
तरी तोंड उघडून क्षणभर
तशीच उभी राहिले,
कुठलं नाव आधी येतंय ते बघत.